वास्तुशांत झाली, पुढे काय?

गेल्या वैशाखात पुण्याच्या पश्चिमेस, बाणेरच्या पुढे उभ्या राहिलेल्या एका भव्य गृहसंकुलात वास्तुशांतीस जाण्याचा योग आला. यजमान म्हणजे आमच्या आतेभावाचे चिरंजीव. एकोणीस वर्षे न्यू जर्सीत काढून पत्नी व दोन मुलांसह कायमचे परतलेले. चौदाव्या मजल्यावर प्रशस्त घर, पूर्वेस टेकडी, दारात आंब्याचे तोरण, आत गुरुजींचे पुण्याहवाचन चालू. परदेशातील नोकरी, घर, मोठ्या कष्टाने जमविलेला जम हे सारे सोडून हा तरुण केवळ वृद्ध आईसाठी व मुलांच्या संस्कारांसाठी परतला, याचे जमलेल्या प्रत्येकाला कौतुक होते. आम्हांलाही होते आणि आजही आहे. हे आरंभीच सांगून टाकतो. कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते काहींना कडू लागेल.

संकल्प झाला, होमाची तयारी झाली, तरी यजमानांच्या मातोश्री पाटावर बसेनात. त्यांची दृष्टी दाराकडे. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मुलगा परदेशी असताना त्यांच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घरी ज्या मावशींनी अकरा वर्षे त्यांचे सारे केले, दोन दुखण्यांतून त्यांना उठविले, रात्री-बेरात्री रिक्षा करून रुग्णालयात नेले, त्या मावशी अजून आल्या नव्हत्या. शेवटी खालून दूरध्वनी आला. मावशी केव्हाच आल्या होत्या. ठेवणीतले लुगडे नेसून, हातात नारळ व खण घेऊन त्या उद्वाहनाशी उभ्या राहिल्या, तर तेथल्या सुरक्षारक्षकाने त्यांना अडविले. “कामवाल्यांची लिफ्ट मागच्या बाजूला आहे” असे त्यांना सांगण्यात आले. मागच्या बाजूची लिफ्ट त्या दिवशी बंद होती. साठी ओलांडलेली ती बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर नारळ मांडीत धरून बसली होती.

यजमान ओशाळले. म्हणाले, “काका, सोसायटीचा नियम आहे हो. सुरक्षेसाठी केलेला आहे. आम्ही तर आत्ताच राहायला आलोय.” मातोश्री एवढेच म्हणाल्या, “ती वर आल्याशिवाय मी पाटावर बसायची नाही.” मग यजमान स्वतः चौदा मजले खाली गेले आणि मावशींना पुढच्या लिफ्टमधून घेऊन आले. वास्तुशांत यथासांग पार पडली. भोजनही उत्तम झाले. परंतु परतताना आमच्या मनात एकच प्रश्न घोळत होता : घराची शांत झाली, पण ज्या समाजात हे घर उभे आहे, त्या समाजाशी या घराचे नाते कोणी जोडावयाचे?

टोमणे मारणाऱ्यांशी आमचे जमत नाही

परदेशातून परतणाऱ्याला टोमणे मारण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. “तिकडे जमले नाही म्हणून आले”, “डॉलर साठवून झाले, आता देश आठवला” असली शेरेबाजी आपल्या बैठकांतूनही ऐकू येते. आमचे तिच्याशी मुळीच जमत नाही. मनुष्य कोणत्या कारणाने परतला, आईच्या आजारपणामुळे, मुलीच्या वयामुळे की नोकरी गेल्यामुळे, याची झडती घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? घरी येणाऱ्याला कारण विचारावयाचे नसते. पाय धुवावयास पाणी द्यावयाचे असते.

या बाबतीत आपल्या समाजाचा इतिहास फारसा भूषणावह नाही, हेही मान्य केले पाहिजे. एके काळी समुद्र ओलांडून परतलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे, नाहीतर जातीची पंगत बंद. १८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेल्या मोहनदास गांधींना त्यांच्या वडीलबंधूंनी प्रथम नाशिकला आणून गोदावरीत स्नान घडविले आणि मगच राजकोटला नेऊन जातभोजन घातले, ते ज्ञातीच्या समाधानासाठी. त्या वेळी चूक समाजाची होती. परतणाऱ्याने काय शिकून आणले, हे विचारण्याऐवजी समाज त्याने कोणते पाणी ओलांडले, हे विचारीत होता.

आज मात्र पारडे नेमके उलटे झाले आहे. आता परतणाराच समाजाकडून प्रायश्चित्ताची अपेक्षा करतो! रस्ते असे का, पाणी असे का, रांग का मोडता, भोंगा का वाजवता? प्रश्न रास्त आहेत. परंतु ते विचारून झाल्यावर हा मनुष्य कुंपणाच्या आत जातो, फाटक लावून घेतो आणि तेथे एक छोटी अमेरिका उभी करतो. पूर्वी समाज परतणाऱ्याला वाळीत टाकीत असे; आता परतणारा समाजाला वाळीत टाकतो. दोन्हींत तोटा समाजाचाच!

“यंत्रणाच नाही, आम्ही काय करणार?”

या आक्षेपाला परतलेल्या मंडळींचे ठरलेले उत्तर आहे आणि ते प्रामाणिकपणे ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात : येथे महापालिकेचे पाणी पुरत नाही म्हणून टँकर मागवावा लागतो, वीज जाते म्हणून जनित्र लागते, पदपथ नाही म्हणून मुलांना कुंपणाच्या आतच खेळवावे लागते. आम्ही भिंत हौसेने बांधली नाही, गरजेने बांधली.

यातील प्रत्येक तक्रार खरी आहे. पुण्याच्या या नव्या उपनगरांत इमारती आधी आल्या आणि जलवाहिन्या नंतर, हे तेथे राहणारा कोणीही सांगेल. तेव्हा टँकर मागविण्याबद्दल कोणी दोष देणार नाही. परंतु आमचा प्रश्न टँकरचा नाही. आमचा प्रश्न असा की, टँकर आल्यावर नळाचा विचार का थांबतो?

कारण हीच मंडळी तिकडे अशी नव्हती. तिकडे शाळेच्या मंडळाच्या सभेला ती आवर्जून जात. मुलांच्या ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणून उभी राहत. स्वतःच्या अंगणातील गवत स्वतः कापीत. बर्फ पडले की पहाटे उठून घरासमोरचा पदपथ फावड्याने मोकळा करीत. कारण तिकडील बहुतेक गावांत तो त्या घरमालकाचाच भार असतो. भांडी स्वतः घाशीत, न्हाणीघर स्वतः धूत आणि या श्रमाची त्यांना लाज वाटत नसे, उलट सुट्टीत आले की याच गोष्टी आपल्याला अभिमानाने ऐकवीत. “तिकडे श्रमाला प्रतिष्ठा आहे, काका!” हे वाक्य आम्ही किती जणांच्या तोंडून ऐकले असेल, याची गणती नाही.

मग ही श्रमप्रतिष्ठा मुंबईच्या विमानतळावर सीमाशुल्काच्या खिडकीत जमा करावी लागते काय? दूरदर्शन संच आला, गालिचे आले, तिकडचे शीतकपाट आले. नागरिकपणाची सवय तेवढी मागे राहिली! येथे वर्षातून एकदा गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरते, तिला ते जात नाहीत. प्रभागाचे नगरसेवक कोण, हे त्यांना ठाऊक नसते. भारतीय पारपत्र कायम ठेवून परतलेल्यांनाही मतदारयादीत नाव घालण्यासाठी नमुना ६ भरण्यास सवड होत नाही. ज्यांनी परकीय नागरिकत्व घेतले आहे, त्यांची गोष्ट वेगळी. २००५ पासून त्यांना ‘ओसीआय’ची सोय झाली, तिच्यात मताधिकार नाही आणि शेतजमीन विकत घेण्याचाही अधिकार नाही. ठीक आहे. परंतु शेजाऱ्याच्या दारी जाण्यास, महापालिकेच्या शाळेत शनिवारी गणित शिकविण्यास किंवा लिफ्टवरचा एक फलक उतरविण्यास कोणत्याही कायद्याने बंदी केलेली नाही!

आणखी एक गोष्ट. ही घरे काही मोकळ्या आकाशात उगवलेली नाहीत. बाणेर, बालेवाडी, हिंजवडी, वाकड ही कालपरवापर्यंत शेतीची गावे होती. पुण्याच्याच पूर्वेस मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन तुकड्यातुकड्यांनी न विकता एकत्र आणली आणि उभ्या राहिलेल्या नगरीत ती भागधारक झाली. हे उदाहरण अभिमानाचे खरे, परंतु ते विरळाच. इतर कित्येक ठिकाणी जमीन विकली गेली, पैसा आला तसा गेला आणि ज्याच्या आजोबांची तेथे ज्वारी डोलत होती, तो नातू आज त्याच जागी फाटकावर गणवेश घालून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करतो. त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

परदेशात टिकलेली मराठी पुण्यात हरवते

परतण्याचे कारण म्हणून मुलांचे संस्कार पुढे केले जातात, म्हणून हा विषय टाळता येत नाही. उत्तर अमेरिकेतील मराठी माणसाने भाषेसाठी जे केले, त्याला तोड नाही. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली तेथे गावोगावी मराठी शाळा चालतात. आईबाप आठवड्याची नोकरी करून सुट्टीच्या दिवशी दूरवर मोटार हाकीत मुलांना तेथे नेतात, आणि त्यांतलेच कोणी शिक्षक होऊन फळ्यावर बाराखडी लिहितात. बाहेर हिमवर्षाव आणि आत ‘क, का, कि, की’! हे दृश्य डोळ्यांसमोर आणले की ऊर भरून येतो.

आमच्या यजमानांची थोरली कन्या अशाच शाळेत चार वर्षे गेली. ती आम्हांला वाकून नमस्कार करीत “आजोबा, बसा ना” असे स्वच्छ मराठीत म्हणाली. पुण्यात आल्यावर तिला आंतरराष्ट्रीय म्हणविणाऱ्या शाळेत घातले. तेथे मैदानात इंग्रजी, बसमध्ये इंग्रजी, संकुलाच्या बागेतही इंग्रजी. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. परंतु कायदा तासिका देऊ शकतो, दर्जा सन्मान देऊ शकतो, खेळगडी देऊ शकत नाही. वर्षभरात ती मुलगी आजीशी अर्धे वाक्य मराठीत व अर्धे इंग्रजीत बोलू लागली आहे. जी भाषा सातासमुद्रापलीकडे टिकली, ती सदाशिव पेठेपासून दहा-बारा किलोमीटरवर हरवावी, यापरती विटंबना कोणती?

याचे कारण अगदी साधे आहे. तिकडे मराठी ही जाणीवपूर्वक जपलेली गोष्ट होती. इकडे आल्यावर आईबापांना वाटले, आता ती हवेतूनच मिळेल. परंतु भाषा हवेतून मिळत नाही. ती भाजीवाल्या काकूंकडून, रिक्षावाल्या दादांकडून, शेजारच्या आजीकडून आणि वाड्यातल्या भांडणांतूनसुद्धा मिळते. भिंतीच्या आत यांपैकी कोणीच नसेल, तर भाषा येणार कोठून? संस्कारांचेही तेच. ते घरातल्या देव्हाऱ्यापाशी सुरू होतात हे खरे, पण पुरे होतात ते चारचौघांत.

एका परतलेल्या तरुणाची कथा

येथे १९१७ सालच्या एका घटनेचे स्मरण करून देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला, तेथून लंडनला गेला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली मायदेशी परतला. करारानुसार संस्थानची चाकरी करण्यासाठी तो बडोद्यास उतरला, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो राहावयाचे कोठे, हा. हिंदूंच्या खाणावळीत त्याला प्रवेश नव्हता. पारशांच्या एका विश्रामगृहात नाव बदलून त्याने कसेबसे काही दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्याला तेथूनही निघावे लागले. त्याने एका हिंदू मित्राकडे विचारणा केली, एका ख्रिस्ती मित्राकडे केली. दोघांनीही अडचणी पुढे केल्या. अखेर तो विद्वान तरुण सार्वजनिक बागेत वेळ काढून रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

चार वर्षे परदेशी राहून, अर्थशास्त्रातील श्रेष्ठ विद्या संपादन करून आलेल्या या देशाच्या सुपुत्राला या देशात चार भिंती मिळाल्या नाहीत. ज्या देशात तो परका होता तेथे त्याला खोली मिळाली, आणि ज्या देशात तो आपला होता तेथे दार बंद झाले. हिंदू संघटनाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने ही घटना वर्षातून एकदा तरी आपल्या मुलांना सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना मान खाली घातली पाहिजे.

काही जण म्हणतील, कोठे बडोद्याची ती अस्पृश्यता आणि कोठे आजची ‘सर्व्हिस लिफ्ट’! तुलना अतिशयोक्त आहे. आम्ही मान्य करतो की दोन्ही गोष्टी एक नाहीत. ती जन्मावरून होती, ही कामावरून आहे असे म्हणतात. तेव्हा काठ्या होत्या, आज केवळ फलक आहे. परंतु दोन्हींच्या तळाशी असलेली भावना तपासून पाहा. अमुक मनुष्य माझ्या शेजारी दोन मिनिटे उभा राहिला तर माझ्यात काही उणे येते, हीच ती भावना! सामान वाहून नेण्यासाठी वेगळे उद्वाहन असावे, याला कोण नाही म्हणेल? पण माणूस हे सामान नव्हे. जे हात आपल्या घरातील पोळ्या लाटतात, आपल्या तान्ह्या मुलाला न्हाऊ घालतात, आपल्या आईचे अंथरूण बदलतात, ते हात लिफ्टचे बटण दाबताना मात्र सुरक्षेला धोका ठरतात, हे तर्कशास्त्र कोणत्या विद्यापीठात शिकवितात?

२००४ साली ‘स्वदेस’ नावाचा चित्रपट आला. नासातील एक शास्त्रज्ञ आपल्याला लहानपणी सांभाळणाऱ्या कावेरीअम्माला न्यावयास भारतात येतो आणि शेवटी तिच्याच गावाचा होतो. तो पाहून परदेशस्थ मराठी घरांतून अश्रू ढाळले गेले. ढाळावेतच. परंतु आमच्या यजमानांची कावेरीअम्मा जिन्याच्या पायरीवर नारळ घेऊन बसली होती!

जी परदेशातून आली आणि येथली झाली

घर कसे वसवावे, याचा धडा घ्यावयाचा असेल तर तो भगिनी निवेदितांकडून घ्यावा. जन्माने त्या आयरिश. १८९७ च्या आरंभी स्वामी विवेकानंद पश्चिमेहून परतले आणि त्याच वर्षीच्या १ मे रोजी त्यांनी रामकृष्ण मिशनची स्थापना केली. विश्रांतीसाठी त्यांनी फार दिवस घेतले नाहीत. पुढच्या वर्षी, जानेवारी १८९८ मध्ये, निवेदिता कलकत्त्यास आल्या. गोऱ्यांच्या स्वच्छ वस्तीत त्यांना बंगला सहज मिळाला असता. त्यांनी निवडली बागबाजारातील बोसपाडा गल्ली. तेथे त्यांनी मुलींची शाळा काढली. सनातनी शेजाऱ्यांनी आरंभी संशयाने पाहिले, तरी त्या तेथून हलल्या नाहीत. १८९९ साली कलकत्त्यात प्लेगची साथ पसरली तेव्हा ही विदुषी हातात झाडू घेऊन गल्ली साफ करू लागली, आणि ते पाहून वस्तीतील तरुण लाजेने पुढे आले. यंत्रणा तेव्हाही नव्हती. सत्ता तर परकी होती. निवेदितांनी यंत्रणेची वाट पाहिली नाही.

ज्यांचा येथे जन्मही झाला नव्हता, त्यांनी गल्ली आपली मानली. आणि ज्यांची नाळ येथे पुरली आहे, त्यांनी फाटकाबाहेरील रस्ता परका मानावा?

दोष आपलाही आहे

एवढे लिहून थांबलो तर ते एकांगी होईल. परतणाऱ्यांना आपण काय देतो? आपल्यातील कार्यकर्ते त्यांच्या घरी जातात ते बहुधा पावतीपुस्तक घेऊन. निधी द्या, कार्यक्रमाचे अध्यक्ष व्हा, दीपप्रज्वलन करा! त्यांच्या एकोणीस वर्षांच्या अनुभवाचे काय करावयाचे, हे आपल्याला सुचत नाही. एखाद्याने सभेची वेळ पाळण्याचा आग्रह धरला किंवा हिशेब लेखी मागितला, की “हे अमेरिका नव्हे” असे म्हणून आपणच त्याचे तोंड बंद करतो. मग तो भिंतीआड गेला तर त्या भिंतीच्या काही विटा आपणही रचल्या आहेत, हे कबूल करावयास हवे.

तेव्हा दोन्ही बाजूंनी हात पुढे यावेत. जवळच्या संकुलात कोणी परतून आले असेल, तर पहिल्या महिन्यात पावतीपुस्तकाविना त्यांच्याकडे जावे. मुलांना खेळावयास बोलवावे. सणाला घरी जेवावयास न्यावे. आणि परतलेल्यांनी चार गोष्टी कराव्यात. संस्थेच्या वार्षिक सभेस उपस्थित राहावे. मुलांना कुंपणाबाहेरच्या मैदानावर, सर्व थरांतील मुलांबरोबर, रोज तासभर पाठवावे. शनिवारचे दोन तास जवळच्या शाळेला किंवा वस्तीतील अभ्यासिकेला द्यावेत. आणि आपल्या लिफ्टवर माणसांची वर्गवारी करणारा फलक असेल, तर तो उतरविल्याशिवाय स्वस्थ बसू नये.

आमच्या यजमानांनी या शेवटच्या गोष्टीचा आरंभ केला आहे, हे सांगावयास आनंद वाटतो. पुढच्याच सभेत त्यांनी ठराव मांडला. तो फेटाळला गेला. त्यांच्या बाजूने सातच हात वर झाले; त्यांतले तीन परदेशातून परतलेल्यांचे होते. फलक अजून तेथेच आहे. मात्र मावशी आल्या की यजमान किंवा त्यांची मुलगी खाली जाते आणि त्यांच्याबरोबर पुढच्या लिफ्टने वर येते. रक्षक आता काही बोलत नाही. पुढच्या वर्षी ठराव पुन्हा येणार आहे.

वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात. आपल्याकडे अशी श्रद्धा आहे की, हा वास्तुपुरुष घरात बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक शब्दाला ‘तथास्तु’ म्हणत असतो. म्हणून घरात अभद्र बोलू नये, असे वडीलधारी सांगत. परतलेल्या बंधुभगिनींनो, रोज संध्याकाळी चहाच्या वेळी “या देशाचे काही खरे नाही” असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा. आग्नेय कोपऱ्यात कोणी ऐकत आहे. त्याऐवजी “आपल्या गल्लीचे आपण काहीतरी करू” असे म्हणा आणि उठून खाली जा. तोही तथास्तुच म्हणेल.